पेन्सिल वाजली, अक्का

अक्का, मिळाली! मिन्सोला ॲडमिशन मिळाली!

आज सकाळी पावणेआठला शाळेची बस गेटात शिरली आणि नीट थांबायच्या आत ही पोरगी पायरीवरून उडी मारून माझ्याकडे धावत सुटली. पाठीवर व्हायोलिन, एका बुटाची नाडी सुटलेली, हातात फोन. तो तिने माझ्या नाकासमोर धरला. चष्मा पर्समध्ये होता, त्यामुळे पत्र काही वाचता येईना, पण सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत ‘अभिनंदन’ लिहिलंय एवढं दिसलं. मग आम्ही दोघींनी गेटावरच उड्या मारल्या. वॉचमन अण्णा ‘एनायतु, एनायतु?’ करत धावत आले. काय झालं ते त्यांना सांगायलाही मी थांबले नाही. दोन दोन पायऱ्या गाळत वर गेले, तुमच्या खोलीचं दार ढकललं आणि मोठ्याने हाक मारली, “अक्का!”

खुर्ची रिकामी होती. काल तुमचा तेरावा झाला. पंगतीत मी स्वतः वरण वाढलं होतं. तरी पाय सवयीने तुमच्याकडेच आले.

रडायला मात्र फुरसत मिळाली नाही. मागोमाग मिन्सो आली, तिच्यामागे अकरावीची चार मुलं आली, आणि तुमच्या खोलीत पुन्हा तसाच गोंधळ सुरू झाला, जसा प्रत्येक निकालाला व्हायचा. कोणीतरी तुमच्या डब्यातल्या खारकाही संपवल्या. तुम्ही असतात तर आधी ओरडला असतात आणि मग दुसरा डबा काढला असतात.

उद्या शाळेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा आहे. भाषण माझ्याकडे आहे. तुम्ही कुठे शिकलात, इथे किती वर्षं काढलीत, किती मुलं कुठे कुठे धाडलीत, ते प्रिन्सिपल सांगणारच आहेत. मला तुमच्याशी बोलायचंय. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. अडीच महिने पोटात धरून ठेवली होती. लगेच सांगून टाकली असती, पण तुम्ही म्हणाल, “स्वल्प थांब की गं, आधीचं सांग आधी.” म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

तुम्हाला मी पहिल्यांदा भेटले ती याच खोलीत. नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे नागपूरहून आलेली मी, सोबत सर्टिफिकेटांची फाइल घेऊन मुलाखतीला बसले होते. आई-वडिलांच्या बदलीबरोबर बंगलोरला येऊन पडलेली परदेशी मुलं, त्यांना विद्यापीठासाठी तयार करायचं, अर्ज, निबंध, शिफारसपत्रं, असं तुमच्या हाताखालचं काम होतं. दहा मिनिटं मी छान घोटलेलं इंग्रजी बोलले. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मला वाटलं, बाईंना डुलकी लागली. मग तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, “इंग्रजी आयतु, झालं. आता मराठीत सांग बघू, तुला हे काम कशाला पाहिजे?”

मी गडबडले आणि तोंडातून निघून गेलं, “घरी बसून बसून कंटाळून राहिली न मी, मॅडम. दिवसभर कोणी बोलायलाच नाही. मुलांना घरच्यासारखं बोलता येत नसन तर त्यांना कसं वाटते, ते मला इथं आल्यावर कळून राहिलं.”

तुम्ही हातातली निळी पेन्सिल टेबलावर टक् करून वाजवलीत. “हे. हे तू भराभर बोललीस. उद्यापासून ये. आणि मॅडम नको, अक्का म्हण.”

तुमचं मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझं ऐकून तुम्हाला. तुमचे वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर, त्यामुळे तुमचा जन्म बंगलोरचाच, यशवंतपूरच्या बाजूचा. तुमच्या वाक्यात ‘सरी’ म्हणजे ‘बरं’ आणि ‘स्वल्प’ म्हणजे ‘जरा’, हे कन्नड शब्द मिठासारखे पडलेले असायचे. मी ‘करून राहिले’ म्हटलं की तुम्ही स्टाफरूममध्ये माझी नक्कल करायचात, आणि कन्नड शिक्षिकेला उगीचच वाटायचं की आपण भांडतोय. तसे आपण भांडायचोही.

भांडायचो मुख्यतः त्या पेन्सिलीवरून. तुमचा नियम ठरलेला होता. निबंधाचा पहिला शब्द लिहिण्याआधी प्रत्येक मुलाने तुमच्यासमोर बसून, आपल्याला काय सांगायचंय ते आपल्या घरच्या भाषेत सांगायचं. कोरियन, स्वाहिली, जपानी, सिंहली, जी असेल ती. तुम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि जिथे मुलाचा आवाज आपोआप वेग घेईल तिथे पेन्सिल वाजवायचात. “इथे काय म्हणालास? आता तेवढंच इंग्रजीत सांग.” बस्स, निबंध तिथून सुरू.

मी नाक मुरडायची. माझ्याकडे रंगीत एक्सेल होती, कुठल्या विद्यापीठाला कशा प्रकारचा निबंध आवडतो त्याची. तुम्ही ती एक्सेल एकदाच बघितलीत आणि म्हणालात, “रंग छान आहेत की गं.”

मग आली मिन्सो. वडील आनेकलच्या बाजूला एका कोरियन कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, आई घरी, ही एकुलती एक. अबोल, अभ्यासू, व्हायोलिनमध्ये वरच्या परीक्षा दिलेली. दर रविवारी कंपनीची गाडी तिला शहरातल्या शिवाजीनगरजवळच्या व्हायोलिनच्या क्लासला सोडायची. मी तिला पाहूनच ठरवून टाकलं होतं की निबंध व्हायोलिनवर. पहिल्या दोन परिच्छेदांचा आराखडासुद्धा मनात तयार होता. वडिलांनी तिला एकच संधी दिली होती. अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांना अर्ज करायचा, एकाचंही पत्र आलं तर जायचं, नाहीतर परत जाऊन काकांच्या कंपनीला उपयोगी पडेल असं काहीतरी शिकायचं. मुलगी म्हणाली होती, “मला शहरं कशी बांधतात ते शिकायचंय.” मी म्हटलं होतं, “छान, पण निबंधात व्हायोलिन.”

ऑक्टोबरमधली ती दुपार आठवते तुम्हाला? मिन्सो समोर बसली आणि कोरियनमध्ये सांगायला लागली. हळू, एकसुरी, पाठ केल्यासारखं. मी कोपऱ्यात बसून मेल बघत होते. पाच मिनिटं झाली, पेन्सिल गप्प. आणि मग एकदम तिचा आवाज बदलला. हात हलायला लागले, खुर्चीच्या कडेवर सरकली, आणि त्या न कळणाऱ्या धबधब्यातून शब्द आला, ‘चंदापुरा’. मग आणखी काहीतरी, मग ‘शिवाजीनगर’. मग ‘यशवंतपूर’!

तुम्ही ताडकन डोळे उघडलेत. पेन्सिल टक् टक् टक् तीनदा वाजली. “नीलू! अगं ही बसचे स्टॉप सांगतेय की गं!”

तिचा चेहरा असा झाला की जणू चोरी पकडली. आणि चोरी होतीच. क्लास तासाभराचा. ड्रायव्हरला तिने सांगितलं होतं तीन तासांचा. मधले दोन तास ही पोरगी व्हायोलिन मांडीवर घेऊन शहराच्या बसमधून फिरत होती, वर्षभर! दप्तरातून तिने वही काढली. कुठल्या स्टॉपला किती बायका उतरतात, फुलांच्या टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायका कुठल्या दाराने चढतात, शिलाईच्या कारखान्यातल्या मुली मुद्दाम एक स्टॉप आधी का उतरतात, कारण पुढच्या स्टॉपला उतरलं की मोठा रस्ता ओलांडावा लागतो. आणि पायऱ्या! प्रत्येक प्रकारच्या बसची पहिली पायरी रस्त्यापासून किती उंच, हे तिने मोजलं होतं. कशाने? पट्टी जवळ नव्हती म्हणून व्हायोलिनच्या गजाने, त्या तारांवर फिरवायच्या बोने. वहीत उंची चक्क ‘अर्धा गज आणि दोन बोटं’ अशी लिहिलेली.

तुम्ही आनंदाने टाळी वाजवलीत. मी मात्र मनातल्या मनात त्या गजाची किंमत करत होते आणि तिच्या वडिलांचा चेहरा डोळ्यासमोर आणत होते.

त्या रविवारी तुम्ही मला ओढून बसमध्ये घातलंत. “पोरगी काय बघते ते आपण बघायला नको काय?” आनेकलहून आपण चढलो. तुम्ही खिडकीशी, मांडीवर ती भली मोठी पर्स आणि छत्री. आभाळ स्वच्छ, तरी छत्री. सगळा वेळ तुम्ही बायका मोजत होतात आणि मला बोटाने दाखवत होतात, “बघ, ही एक स्टॉप आधी उतरली! पोरगी खरं सांगते!” शिवाजीनगर आलं. तुम्ही शेवटच्या पायरीवरून उतरलात, मागे वळलात, आणि रस्त्यावर उभं राहून ती छत्री पायरीला लावलीत. बस थांबलेली, मागे उतरणाऱ्यांची रांग, कंडक्टर पुढे व्हा म्हणून ओरडतोय, “मुंदे होगी अम्मा, मुंदे होगी!” आणि तुम्ही त्याला बोट दाखवून थांबवताय, “स्वल्प इरी अण्णा, मोजून होऊ दे!” कन्नडमध्ये सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवलंत. मागून एक टोपलीवाली आजीबाई हसायला लागली, मग रांग हसायला लागली, मग तो कंडक्टरसुद्धा. मला आधी वाटलं धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. मग मीही हसायला लागले, आणि तिथे रस्त्याच्या कडेला आपण दोघी एकमेकींचे खांदे धरून हसलो. छत्रीच्या निम्म्याच्या वर पायरी आली होती. तुमची उंची धरली तर गुडघ्याच्या वर.

तेवढ्यावर दिवस संपला असता तर किती बरं झालं असतं. पण नंतर आपण कॉफी प्यायला बसलो आणि मी पुन्हा विषय काढला.

“अक्का, सगळं खरंय. पण ॲडमिशन ऑफिसरला आनेकलच्या बसमध्ये काय इंटरेस्ट? व्हायोलिन सेफ आहे.”

“निबंध वाचणाऱ्याचा की लिहिणारीचा?”

“वाचणाऱ्याला आवडला तरच लिहिणारी जाईल न.”

“आणि गेल्यावर? तिथे चार वर्षं तिने तू लिहिलेली पोरगी बनून राहायचं काय?”

अडले की मी लागेल असं बोलते, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, “अक्का, तुमच्या काळी चालायचं हे. आता कॉम्पिटिशन काय आहे, ते तुम्हाला नाही कळायचं.”

तुम्ही कॉफीचा शेवटचा घोट घेतलात, पेला ठेवलात आणि म्हणालात, “सरी.” एवढंच. ना रागाने, ना नक्कल करून. भांडण अर्धंच राहिलं. त्या ‘सरी’बद्दल मला तुमची माफी मागायची होती. आज मागते. माफ करा, अक्का.

आणि आता खरं सांगते. मला भीती विद्यापीठाची नव्हतीच. मला भीती मिन्सोच्या वडिलांची होती. आधीच्या वर्षी एका पालकाने माझी प्रिन्सिपलकडे तक्रार केली होती, तेव्हा तुम्ही माझ्या बाजूने उभ्या राहिला होतात. निबंध बसवर गेला तर मुलीने वर्षभर काय केलं हे वडिलांना सांगणं आलं, आणि ते सांगायला त्यांच्यासमोर मला बसावं लागणार होतं. ते मला नको होतं. व्हायोलिन सेफ होतं ते माझ्यासाठी.

डिसेंबरमध्ये तुमचं हृदयाचं दुखणं निघालं आणि तुम्ही रजेवर गेलात. मी तुमच्या खुर्चीवर बसले. म्हणजे शेजारच्या, तुमच्या खुर्चीवर बसायचा धीर झाला नाही. मिन्सोचा व्हायोलिनचा निबंध मी तीनदा घासूनपुसून दिला. इतका सुंदर झाला की मीच प्रेमात पडले. अर्ज पाठवायला चार दिवस राहिले होते. तिने तो वाचला, मान डोलावली, आणि म्हणाली, “मिस, अक्का इथे असत्या तर मला हा आधी कोरियनमध्ये सांगायला लावला असता. सांगू?”

नाही कसं म्हणणार? ती बसली. मी सवयीने तुमची पेन्सिल हातात घेतली आणि तुमच्यासारखे डोळे मिटले. ती सांगत गेली, नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सहा मिनिटं. अक्का, मला कोरियनचं अक्षर येत नाही. पण सहा मिनिटांत त्या आवाजाने एकदाही वेग घेतला नाही. पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली. मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, आणि आम्हा दोघींनाही कळलं होतं.

त्याच दुपारी मी तिच्या वडिलांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी आले, गडद कोट, ताठ पाठ. मी तुमचीच युक्ती केली. म्हटलं, “सर, मिन्सोला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. तिला कोरियनमध्येच सांगू द्या. मी बाहेर थांबते.” ते म्हणाले, तुम्हीही बसा.

ती बोलली. आधी खाली मान घालून. मग वही उघडली, मग चंदापुरा आलं, शिवाजीनगर आलं, आवाज धावायला लागला, हात हवेत पायऱ्या काढायला लागले. मी वडिलांकडे बघत होते. त्यांचा जबडा घट्ट होत गेला. तिने गजाचा उल्लेख केला असावा, कारण दोन्ही हात पसरून लांबी दाखवली. मी मनात म्हटलं, संपलं.

मग माझ्या देखत, माझ्यासाठी इंग्रजीत, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गज वाकला का?”

“नाही, बाबा.”

मग वही आपल्याकडे ओढली, पान उलटलं, आणि दुसरा प्रश्न, “यातली सगळ्यात उंच पायरी कुठल्या बसची?”

अक्का, कारखान्यातला माणूस! आयुष्य मोजमापात गेलेलं! बाप-लेक पुढची चाळीस मिनिटं त्या वहीवर ओणवे होते आणि मला चहाचंसुद्धा कोणी विचारलं नाही. ड्रायव्हरला फसवल्याबद्दल तिला रागावले, ते नंतर. पुढच्या रविवारी ते स्वतः तिच्याबरोबर बसने गेले.

तर असा बसवरचा निबंध गेला. तिन्ही विद्यापीठांना तोच. शब्द तिचे, मी फक्त स्वल्पविराम लावले.

हे मी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं, की नाही? पण मी सांगितलं नाही. आधी म्हटलं, ऑपरेशन होऊ दे. ऑपरेशन नीट झालं, तुम्ही यशवंतपूरला भावाच्या घरी आलात, खिडकीशी उशांना टेकून शब्दकोडी सोडवायला लागलात. मी दर शनिवारी तिथे येत होते. तुम्ही विचारायचात, “काय पाठवलंस गं शेवटी?” आणि मी म्हणायची, “निकाल लागल्यावर सांगीन.” थोडा त्यात माझा ताठा होता, हरल्याचं एवढ्या लवकर कशाला कबूल करा? पण खरी मजा वेगळी होती. मला ते पत्र हातात घेऊन यायचं होतं. दारातूनच ओरडायचं होतं. तुम्ही कोडं बाजूला फेकलेलं बघायचं होतं. मी त्या दिवसाची रंगीत तालीम करत बसले, अक्का.

तुम्हीही भारी. “पोरगी व्हायोलिन वाजवते म्हणा छान,” असं म्हणून खिडकीबाहेर बघायचात, ओठ दाबून. मला वाटायचं, रुसल्या आहेत. एकदा तुमच्या कोड्यांच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं बसचं तिकीट दिसलं. मी म्हटलं, “अय्या, आपलं शिवाजीनगरचं तिकीट अजून जपून ठेवलंय?” तुम्ही पुस्तक मिटून म्हणालात, “हो की गं.”

शेवटच्या शनिवारी मी निघाले, चपला घालत होते, तेव्हा तुम्ही आतून हाक मारलीत, “सांग गं नीलू लवकर. मी वाट बघतेय.” मी म्हटलं, “आता पंधरा दिवस राहिले फक्त!” मंगळवारी सकाळी तुमच्या वहिनींचा फोन आला.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतेय की माझ्या हौसेपायी तुम्ही ते न कळताच गेलात, हे मी कुठे ठेवू? निकाल नसता लागला तर निदान सांगण्यासारखं काही नव्हतं असं म्हणता आलं असतं. आता तर लागला.

आज दुपारी भाषणाचा कागद घेऊन मी तुमच्या खोलीत बसले होते. इंग्रजी दोन पानं, तीनदा घासलेली. मिन्सो आली. तिने वाचून बघितला, मान डोलावली, अगदी त्या दिवशीसारखी. मग सरळ जाऊन तुमच्या खुर्चीवर बसली, जिथे मी बसू शकले नव्हते. टेबलावरच्या मगमधली निळी पेन्सिल उचलली.

“मिस,” ती म्हणाली, “आधी तुमच्या भाषेत.”

मी हसले. मग तिने डोळे मिटले, आणि मी सांगायला लागले. हेच सगळं, जे आता लिहून काढतेय. मुलाखत, एक्सेल, छत्री, कॉफी. छत्रीला पेन्सिल वाजेल असं वाटलं होतं, हलकी वाजलीही. मग तुमचं दुखणं, तिचे वडील, आणि मग ते वाक्य आलं जे मी अडीच महिने तोंडात धरून ठेवलं होतं. माझा मलाच आवाज ओळखू येईना. आणि पेन्सिल टक् टक् टक्.

“इथे काय म्हणालात?”

“मी अक्कांना सांगत होते, आपण कुठला निबंध पाठवला ते. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.”

मिन्सोने डोळे उघडले. “पण त्यांना माहीत होतं.”

“काय?”

“मी गेले होते त्यांच्या घरी. जानेवारीत. आनेकलहून दोन बस बदलून. निबंध आधी कोरियनमध्ये सांगितला, मग वाचून दाखवला. त्यांनी चमच्याने पेला वाजवला. माझं तिकीट मागून घेतलं, पुस्तकात ठेवायला. आणि म्हणाल्या, मिसला सांगू नकोस. मला ते तिच्याच तोंडून ऐकायचंय.”

ते कोड्यांचं पुस्तक काल वहिनींनी मला दिलंय, आठवण म्हणून. पर्समध्येच होतं. मी चष्मा लावला. तिकिटाची शाई उडत चाललीय, पण उतरायचं ठिकाण अजून वाचता येतंय. यशवंतपूर. शिवाजीनगर नाहीच. तेव्हा चष्मा लावून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

अक्का, काय बाई आहात तुम्ही! मी तुम्हाला अंधारात ठेवलंय म्हणून तेरा दिवस झुरतेय, आणि तुम्ही ओठ दाबून हसू आवरत होतात! दर शनिवारी विचारत होतात, काय पाठवलंस, काय पाठवलंस! मी खुर्चीत बसून आधी हसले आणि मग रडले, आणि मिन्सोने मला रडू दिलं.

आता कळलं तुम्ही कशाची वाट बघत होतात. निबंधाचं तुम्हाला कळलेलंच होतं. ते सांगताना माझा आवाज कसा धावतो, तेवढं ऐकायचं राहिलं होतं. उद्या हॉलमध्ये मराठी कळणारे दोघेतिघेही नसतील, पण मी आधी मराठीतच बोलणार आहे. पहिल्या रांगेत मिन्सो बसेल, पेन्सिल घेऊन.

तर ऐका. बसचाच निबंध गेला, अक्का! बसचाच! तुमचं खरं झालं!